हवेची बाजू नसलेली गाडी

भुयारी मेट्रोवरच्या आमच्या माहितीपटातले, मरोळ नाका स्थानकाच्या फलाटावरचे हे गृहस्थ नीट पाहून ठेवा. त्यांची पाठपिशवी पाठीवर नसून छातीवर आहे, डावा पाय अर्धे पाऊल पुढे आहे, आणि गाडी कुठवर आली हे पाहण्यासाठी ते उजवीकडे वाकत आहेत. वास्तविक इथे वाकून काही दिसण्यासारखे नाही, कारण फलाट आणि रूळ यांच्यामध्ये थेट छतापर्यंत काचेची भिंत आहे. परंतु लोकलने घडवलेली मान ऐकत नाही. गाडी येते, काचेची आणि डब्याची दारे एकदमच उघडतात, आतली चार माणसे निवांत उतरतात, बाहेरची चढतात, आणि ज्या लढाईसाठी कंबर कसली होती ती झालीच नाही हे उमगेपर्यंत आपले गृहस्थ फलाटावरच राहतात. दारे मिटता मिटता ते आत शिरतात, ते काहीशा अपमानित चेहऱ्याने.

ही मुंबईची पहिली भुयारी मेट्रो, म्हणजे मेट्रो ३. आरे ते कफ परेड हा तिचा मार्ग ३३.५ किलोमीटरचा असून २७ स्थानकांपैकी आरे वगळता उरलेली २६ जमिनीखाली आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये ती वांद्रे-कुर्ला संकुलापर्यंत, म्हणजे बीकेसीपर्यंत, मे २०२५ मध्ये वरळीच्या आचार्य अत्रे चौकापर्यंत आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत पोहोचली. असे टप्प्याटप्प्याने पुढे सरकणे मुंबईकराला नवे नाही. लोकलच्या दारापासून आतल्या बाकापर्यंत तो असाच पोहोचतो.

आता खोदकामाच्या काळातली ही दृश्ये पाहा. दुमजली घराएवढे गोल पाते फिरत फिरत मुंबईच्या पोटातला काळा पाषाण कुरतडत आहे. अशी १७ यंत्रे सुट्या भागांत खोल विवरांतून खाली उतरवण्यात आली आणि तळाशी जोडण्यात आली. यंत्र थोडे पुढे गेले की त्याच्या पाठीमागे काँक्रीटचे वक्र तुकडे बसवून एक कडे पूर्ण करायचे, त्या कड्याला मागे रेटा द्यायचा आणि त्या बळावर पुन्हा थोडे पुढे जायचे, असा हा क्रम महिनोन्महिने चालला. मागच्याला रेटून पुढे सरकण्याची ही कला यंत्रे येतानाच शिकून आली होती की इथल्या हवापाण्याचा तो गुण होता, हे ठरवणे अवघड आहे. यंत्रांना वैतरणा, गोदावरी, कृष्णा, तापी, वैनगंगा अशी नद्यांची नावे देण्यात आली. धारावी आणि बीकेसी यांच्या दरम्यान भुयार मिठी नदीच्या खालून जाते. मिठीचे नाव मात्र यंत्राला द्यावे असे कोणाला वाटले नाही. भिंत फोडून यंत्र पलीकडे बाहेर पडण्याचा क्षण या मार्गावर ४२ वेळा आला, आणि त्यातला शेवटचा नोव्हेंबर २०२२ मधला. धूळ खाली बसल्यावर पिवळ्या टोप्या घातलेली ही माणसे काय करतात, ते आपण नुसते पाहू.

डब्यात परत येऊ. लोकलचा प्रवासी जागा निवडताना आधी हवेची बाजू, म्हणजे धावत्या गाडीत वारा तोंडावर येतो ती बाजू, पाहतो, मग खिडकी, आणि दोन्ही हुकले तर तिघांच्या बाकावरची चौथी सीट, जिच्यावर माणूस बसतो कमी आणि टेकतो जास्त. भुयारी गाडीने हे सारे शास्त्र एका फटक्यात निकालात काढले. बाके डब्याच्या लांबीला धरून आहेत, त्यामुळे खिडकी प्रत्येकाच्या पाठीशी गेली. समोरच्या खिडकीत पाहावे तर काळोखात आपलेच तोंड दिसते. आणि हवा वातानुकूलित असल्याने तिला बाजूच उरलेली नाही. तरीही या मावशींचे पाहा. बाक भरलेले आहे, प्रत्येक जण ऐसपैस बसला आहे, आणि त्या हातातली पिशवी किंचित हलवून एवढेच म्हणतात, “दादा, जरा सरकून घ्या.” कानातल्या बोंड्या न काढता तरुण सरकतो, त्याच्या पलीकडचा सरकतो, आणि आराखडा करणाऱ्याच्या कल्पनेत नसलेली एक जागा तयार होते.

आमच्या चित्रीकरणाच्या दिवसांत भुयारात शिरताच अनेकांच्या फोनची रेंज जात असे. “हॅलो, मी मेट्रोत आहे, हॅलो,” हे वाक्य पलीकडच्या माणसाखेरीज सगळ्या डब्याला ऐकू जाई.

स्थानकांच्या नावांनीही थोडी करमणूक केली आहे. मुंबई सेंट्रलला उतरायचे म्हणून दाराशी उभ्या असलेल्या या कुटुंबाला ‘जगन्नाथ शंकरशेठ’ ही पाटी दिसली आणि वडिलांनी सगळ्यांना पुन्हा बसायला सांगितले. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी निघाली, ती ज्या कंपनीची होती तिच्या संचालकांपैकी एक हेच जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेठ होते. त्यामुळे नावाला हरकत घेण्यासारखे काही नाही, फक्त हे कुटुंब महालक्ष्मीहून उलट आले.

आरेच्या आगारासाठी २०१९ च्या ऑक्टोबरात रातोरात दोन हजारांहून अधिक झाडे तोडली गेली, गिरगाव-काळबादेवीतल्या रहिवाशांना जुनी घरे सोडावी लागली, आणि सुरू होऊन पंधरवडा होतो न होतो तोच, २६ मे २०२५ च्या पावसात, आचार्य अत्रे चौक स्थानकात पाणी शिरले, हेही या मार्गाच्या खात्यावर आहे.

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या सरकत्या जिन्यापाशी एक आजी निऱ्या सावरून थांबल्या आहेत. तीन पायऱ्या त्यांनी जाऊ दिल्या, चौथी पकडली. त्यांच्या मागे आपले मरोळचे गृहस्थ आहेत. एव्हाना त्यांनी पिशवी पाठीवर घेतली आहे आणि जिन्यावर ते एका कडेला सभ्यपणे उभे आहेत. वर रेल्वेच्या फलाटावर डोंबिवलीची गाडी अजून आत येत आहे, थांबलेली नाही. पिशवी छातीवर आली आहे, आणि गृहस्थ आता आपल्याला दिसत नाहीत, कारण ते खिडकीत बसले आहेत, हवेच्या बाजूला.