जर्मनीत आलात? आधी पत्रपेटीवर नाव लावा

नमस्कार मंडळी. माझ्या हातातली ही कागदाची पट्टी दिसतेय ना? बोटभर लांब, त्यावर फक्त माझं आडनाव. म्युनिकमधल्या माझ्या पहिल्या घरी ही पट्टी मी लावलीच नव्हती. खाली पत्रपेटीवर आधीच्या भाडेकरूचं नाव तसंच होतं. मला वाटलं, पत्ता बरोबर आहे, पोस्टमन शोधेल की. आपल्याकडे नाही का, पोस्टमन शेजारी विचारतो, वाण्याकडे विचारतो. इथे पत्त्यात फ्लॅट नंबर बहुतेक वेळा नसतोच. इमारतीचा नंबर आणि पेटीवरचं आडनाव, एवढ्यावरच पत्र पोचतं. नाव दिसलं नाही की पत्र परत. माझं कर क्रमांकाचं पत्र असंच परत गेलं आणि पहिल्या पगारातून सहाव्या वर्गाचा, म्हणजे सगळ्यात जास्त कर कापला गेला. ते पैसे नंतर मिळाले, पण त्याच महिन्यात घराचं डिपॉझिट भरायचं होतं. फार ओढाताण झाली हो.

तेव्हापासून नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मी एकच सांगते: इथे सगळे कागद तुमच्या पत्त्याला बांधलेले असतात. आधी पत्ता पक्का करा.

पत्ता पक्का करायचा म्हणजे आनमेल्डुंग, नगरपालिकेच्या कार्यालयात रहिवासी म्हणून नोंद. बर्लिनमध्ये त्या कार्यालयाला ब्युर्गरआम्ट म्हणतात, म्युनिकमध्ये ब्युर्गरब्युरो. मुदत १४ दिवसांची, आणि ती घरात राहायला गेल्यापासून मोजतात. मोठ्या शहरांत १४ दिवसांत टेर्मिन, म्हणजे वेळ मिळणं अवघड. म्हणून घराची तारीख ठरली की त्याच दिवशी टेर्मिन शोधायला बसा, आणि ती घेतल्याचा इमेल जपून ठेवा.

सोबत पासपोर्ट, भरलेला फॉर्म आणि घरमालकाने सही केलेलं एक पानी पत्र लागतं. त्या पत्राचं नाव वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. नाव लांबलचक आहे, पण आत मजकूर चारच ओळींचा: घर कुठलं, मालक कोण, राहायला कोण आलं, कधी आलं. नोव्हेंबर २०१५ पासून हे पत्र सक्तीचं आहे. भाडेकरार दाखवून काम होत नाही, आपली बरीच मुलं इथेच अडकतात. एखादी खोली स्वस्त मिळते, डिपॉझिट देऊन होतं, आणि मग मालक म्हणतो, 'आनमेल्डुंग करता येणार नाही.' म्हणून पैसे देण्याआधी विचारा: 'इस्ट आनमेल्डुंग म्योग्लिश?', म्हणजे इथे आनमेल्डुंग करता येईल का? उत्तर 'नाही' असं मिळालं, तर माझं स्पष्ट मत आहे, ती खोली घेऊ नका. आणि पैसे घेऊन नुसता कागदोपत्री पत्ता देणारे भेटतील, त्यांच्या नादाला अजिबात लागू नका. अशी खोटी सोय करून देणाऱ्याला ५०,००० युरोंपर्यंत दंड होऊ शकतो.

फॉर्मवर धर्माचा एक रकाना असतो. तो घाईत भरू नका. कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट लिहिलं की आयकरावर चर्चचा कर सुरू होतो: बव्हेरिया आणि बाडेन-व्युर्टेमबर्गमध्ये आयकराच्या ८ टक्के, बाकी राज्यांत ९. वसईची, गोव्याची आपली मंडळी हे माहीत असून आनंदाने भरतात, तो त्यांच्या श्रद्धेचा भाग आहे. पण पगाराची पावती बघून दचकायची वेळ कुणावर येऊ नये.

आता नावाचं बघू. आपल्या पासपोर्टवर नावाच्या जागी बऱ्याचदा स्वतःचं नाव आणि त्याला जोडून वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं. इथे ते सगळं मिळून तुमचं नाव धरतात. हरकत नाही, फक्त करार, बँक, विमा, सगळीकडे पासपोर्टवर आहे तसंच लिहा. बायकांचं तर आणखी होतं. पासपोर्ट माहेरच्या आडनावाने, पेटीवर मात्र नवऱ्याचं एकट्याचं. ताई, पेटीवर दोन्ही आडनावं लावा. लग्नाचा दाखलाही सोबत आणा, नवरा-बायकोचा कर-वर्ग ठरवताना तो लागतो. त्यावर भारतात अपोस्टिलचा, म्हणजे कागद परदेशात खरा धरावा म्हणून मारतात तो शिक्का मारून आणायला पैसे घालवू नका. हा शिक्का ज्या आंतरराष्ट्रीय करारानुसार चालतो, त्याला भारताच्या बाबतीत जर्मनीने हरकत घेतलेली आहे, त्यामुळे तो शिक्का इथे चालत नाही.

नोंद झाली की पत्रं यायला लागतात. पहिलं महत्त्वाचं पत्र ११ आकडी कर क्रमांकाचं. तो इमेलने कळवत नाहीत, पुन्हा मागितला तरी पत्रानेच येतो. मग रुंडफुंकबायत्रागचं पत्र, रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं. महिना १८.३६ युरो, घरात टीव्ही नसला तरी. अनेकांना ती जाहिरात वाटते आणि पत्र कचऱ्यात जातं, मग स्मरणपत्रं आणि वर दंड. वर्गणी घरामागे एकच असते. घरात आधीच कुणी भरत असेल तर त्याचा क्रमांक कळवा, विषय मिटला.

व्हिसाचं थोडक्यात सांगते. मुदत संपण्याआधी परदेशी नागरिकांच्या कार्यालयात पुढे राहण्याच्या परवान्याचा अर्ज गेलाच पाहिजे. वेळेत अर्ज केलात, तर अर्जावर निर्णय होईपर्यंत तुमचा जुना हक्क चालू राहतो, आणि तसा दाखला मागून घेता येतो. मुदत उलटल्यावर अर्ज केलात, तर हे संरक्षण मिळेलच असं धरून चालू नका.

आणि हे बघा, पिवळं पाकीट. सरकारी कार्यालयाचं किंवा कोर्टाचं महत्त्वाचं पत्र यातून येतं. असं पाकीट पेटीत दिसलं की त्याच दिवशी उघडा. पोस्टमनने इथे, या चौकोनात, हाताने तारीख लिहिली आहे. पत्र तुम्ही वाचलं असो वा नसो, उत्तराची मुदत या तारखेपासून मोजतात. दंडाच्या नोटिशीवर हरकत घ्यायला दोनच आठवडे मिळतात. म्हणून पत्र काढून घेतलंत तरी पाकीट टाकू नका, पत्रालाच टाचून ठेवा. महिनाभर भारतात जाणार असाल, तर पेटीची किल्ली शेजारी कुणाकडे तरी देऊन जा, आणि पिवळं पाकीट दिसलं तर लगेच फोटो पाठवायला सांगा.