दुतोंड्या मारुती आणि सातवीचा वर्ग

नाशिकमध्ये पावसाळ्यात घरोघरी एकच चौकशी असते: 'पाणी कुठवर आलं?' उत्तर कुणी फुटांत देत नाही. 'गुडघ्याला लागलं', 'कमरेपर्यंत आलं', 'छातीपर्यंत चढलं'. गुडघे, कंबर, छाती सगळं दुतोंड्या मारुतीचं. गोदाघाटावरच्या या मूर्तीवरूनच शहर पूर मोजतं. १९६९चा पूर आजी-आजोबांच्या तोंडी आहे, २००८, २०१६ आणि २०१९चे आई-बाबांच्या.

पंचवटीतल्या एका शाळेत, सातवीच्या वर्गात, एका मुलीनं विचारलं, "बाई, बातम्यांत क्युसेक सांगतात, आजी मारुती सांगते. मग किती क्युसेकला मारुतीचे गुडघे बुडतात?"

बाईंना ठाऊक नव्हतं. त्यांनी तसं सरळ सांगितलं आणि प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात लिहून चौकट केली.

(दृश्य: फळा. चौकटीतला प्रश्न. बाकांवरून वाकलेली डोकी.)

पहिली अडचण क्युसेकचीच. सेकंदाला एक घनफूट पाणी, म्हणजे साधारण २८.३ लिटर. एवढ्यानं कुणाच्या डोळ्यांपुढे काही येईना. मग एका मुलानं गच्चीवरची हजार लिटरची टाकी घेतली. एक क्युसेकची धार तिच्यात सोडली, तर ती ३५ सेकंदांत भरते. आणि दहा हजार क्युसेक? दर सेकंदाला दहा हजार लिटरचे २८ टँकर! मागच्या बाकावरून हळूच आवाज आला, "दर सेकंदाला?" उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिलेल्या घरातला तो मुलगा होता.

पाऊस लागण्याआधी, घाट कोरडा असतानाच, वर्ग मूर्ती मोजायला गेला. पायाशी एक मीटरची काठी उभी केली, मोबाइलवर फोटो घेतला, फोटोतली काठी आणि मूर्ती पट्टीनं मोजून गुणोत्तर मांडलं. दोन गटांची उत्तरं मात्र जुळेनात. एका गटाची मूर्ती चांगलीच बुटकी निघाली. त्यांनी अगदी जवळ उभं राहून मोबाइल वर तिरका धरला होता, त्यामुळे मूर्तीचा वरचा भाग आखडून आला होता. मुलं लांब मागं सरकली, मोबाइल सरळ धरला, आणि उत्तरं जवळ आली. ही चूक त्यांची त्यांनीच पकडली. बाई बाजूला पायरीवर बसून होत्या.

आपल्याकडे 'प्रकल्प' म्हटलं की आदल्या रात्री आई-बाबा चार्टपेपर आणि थर्माकोल शोधत फिरतात. त्यात मुलाचं स्वतःचं काय उरतं, याचं मला फार वाईट वाटतं. गांधीजींनी १९३७ साली वर्ध्यात नई तालीम मांडली, तीत हाताचं काम आणि शिकणं एकत्रच होतं. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचाही अनुभवातून शिकण्यावर भर आहे. इथे सातवीच्या मुलांना ते करताना आम्ही पाहिलं.

पावसाळा सुरू झाला. पूर असताना घाटावर जायचं नाही, हा बाईंचा पक्का नियम. मग लॅपटॉपवर तक्ता झाला: गोदावरीवरच्या, शहराच्या वरच्या बाजूच्या गंगापूर धरणाचा विसर्ग, घाटाजवळच्या होळकर पुलाखालचा विसर्ग, वेळ, मारुतीचा फोटो. एके दिवशी वर्गात एक फोटो आला, पाणी थेट छातीला. एक मुलगी म्हणाली, "यात ऊन पडलंय. आज सकाळपासून पाऊस आहे." फोटो जुना निघाला. तेव्हापासून वेळ माहीत नसलेला फोटो तक्त्यात घेत नाहीत. हा नियम मुलांचा.

आणि मग नवं कोडं. पुलाचा आकडा धरणाच्या आकड्याहून मोठा! वाटेत भर कोण घालतं? मुलांनी उपग्रह नकाशा उघडला, धरणापासून पुलापर्यंत नदीवर बोट फिरवलं, मिळणारे नाले मोजले. धरणाखाली, शहरात पडलेला पाऊसही त्याच पात्रात येतो. तक्त्यात पाचवा रकाना वाढला: शहरातला पाऊस.

(दृश्य: वर्गाची खिडकी, बाहेर पाऊस. बाईंचा मोबाइल वाजतो.)

धरणातून विसर्ग वाढवल्याचा मेसेज आहे. ते पाणी घाटावर पोचायला किती वेळ लागतो, हे अजून तक्त्यात नाही. दोघं जण एकदमच भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतात, आणि तिसरी मुलगी वेळ लिहून घेते.