विरीची पत्रावळ

(श्रीवर्धन-दिवेआगरकडची वाडी. सकाळची वेळ. पानांच्या गर्दीतून काहीतरी जड खाली पडल्याचा आवाज.)

पोफळीची, म्हणजे सुपारीच्या झाडाची, झावळी पिकली की देठाकडचा रुंद भाग खोडापासून सुटतो आणि अख्खी झावळी धप्पदिशी खाली येते. हा रुंद, चिवट भाग म्हणजे विरी. तिच्यावर पोराला बसवायचं आणि झावळीचं टोक धरून अंगणभर ओढायचं, हा खेळ कोकणात कुणाला सांगावा लागत नाही. खेळ संपला की ती चुलीत जाते, नाहीतर आगरात पडून कुजते.

एका झाडावरून वर्षाला साधारण सहा-सात विऱ्या पडतात. दोन-अडीच फुटांची चांगली विरी असेल तर मधल्या भागातून दहा इंची एक ताट निघतं आणि उरलेल्यातून एखाद-दोन वाट्या.

महाराष्ट्राने प्लास्टिकबंदीची अधिसूचना 23 मार्च 2018 ला काढली. 1 जुलै 2022 पासून प्लास्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे देशभर बंद झाले. तेव्हापासून खानावळी, घरगुती राहण्याच्या जागा, लग्नाचे आचारी विरीच्या पत्रावळ्या मागू लागले. धंद्यात उतरणारा आधी विरी तापत्या साच्यात दाबून ताट करणाऱ्या यंत्राची चौकशी करतो. पत्रावळीचं बरंवाईट मात्र यंत्राशी पोचण्याआधी वाडीतच ठरलेलं असतं.

(जमिनीवरची विरी जवळून. आतली बाजू पांढरट, गुळगुळीत.)

ही बाजू खोडाला चिकटलेली होती. जेवण वाढायचं ते हिच्यावर. पडली त्याच दिवशी विरी उचलावी. ओल्या मातीवर दोन रात्री राहिली, वर दव पडलं, की या पांढऱ्या बाजूवर राखाडी ठिपके उठतात. ती बुरशी असते. ब्रशने घासून वरची पूड निघते, डाग आत राहतो आणि साच्यात तापला की आणखी गडद होतो. ठिपके दिसले की ती विरी आळ्यात आच्छादनाला टाकावी, ताटासाठी ठेवू नये.

उचललेल्या विरीची पाती कोयतीने तोडायची आणि ती उन्हात उभी करायची. आडवी पसरली तर खालची बाजू घामेजते. कडक ऊन असेल तर चार-पाच दिवस पुरतात. संध्याकाळी मात्र रोज छपराखाली घ्यायची, कारण किनाऱ्यावर रात्रीची हवा दमट असते. नीट वाळलेली विरी बोटाने टिचकी मारल्यावर खडखडते. आवाज बसका आला तर आत ओल आहे, गठ्ठा बांधू नये. गठ्ठ्यातली एक ओली विरी शेजारच्या दहा बिघडवते.

(पाण्याची टाकी. ब्रशने घासणारे हात.)

दाबायच्या आधी विरी पुन्हा भिजवावी लागते. स्वच्छ पाण्यात पंधरा-वीस मिनिटं, जाड असेल तर अर्धा तास. मग वाहत्या पाण्याखाली दोन्ही बाजू रेषांच्या दिशेने घासायच्या आणि उभी करून निथळू द्यायची. इथेच सर्वात जास्त माल वाया जातो. कमी भिजली तर साच्याच्या काठावर रेषेरेषेने चिरते. जास्त भिजली, किंवा निथळायला वेळ दिला नाही, तर ताट साच्यातून छान बाहेर येतं आणि तासाभरात आकसून वाकडं होतं. हाताने वाकवल्यावर विरी न कुरकुरता वाकली आणि बोटाला पाणी लागलं नाही, की ती तयार झाली.

साच्याचं तापमान साधारण 90 ते 110 अंश सेल्सिअस, दाब साधारण एक मिनिट. गोंद नाही, मेण नाही, रंग नाही. उष्णता आणि दाब यांनीच विरी आकार धरते. विरी मध्ये जाड आणि कडांना पातळ असते, म्हणून जाड भाग साच्याच्या मधोमध यायला हवा. विरी वाचवायला ती बाजूला सरकवली की ताटाची एक कड कागदासारखी होते आणि माशाचं कालवण तिथूनच पाझरतं. मध्येच वीज गेली तर साचा पुन्हा पुरता तापेपर्यंत थांबावं. कोमट साच्यात दाबलेलं ताट आकार सोडतं.

(तयार ताटं. काठ कापणं, उजेडात धरून तपासणं.)

काठ कापून झाला की प्रत्येक ताट उजेडासमोर धरावं. चीर असेल तिथे प्रकाशाची रेघ दिसते.

आता एक गोष्ट, जी विक्रेते सहसा सांगत नाहीत आणि सांगायलाच हवी. मे 2025 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने पोफळीच्या विरीची ताटं-वाट्या अन्नासाठी वापरू नयेत असं जाहीर केलं. कारण असं, की सुपारीत असणारी अरेकोलीनसारखी अल्कलॉइडं, म्हणजे शरीरावर परिणाम करणारी वनस्पतीतली रसायनं, विरीतही असतात आणि ती अन्नात उतरू शकतात. सुपारी खाणं कर्करोगाला कारण ठरतं, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने नोंदवलेलं आहे, त्यामुळे ही शंका झटकून टाकण्यासारखी नाही. आमचं मत स्पष्ट आहे: ताटातून अन्नात काय उतरतं याची प्रयोगशाळेतली तपासणी करून घ्यावी आणि तिचा अहवाल गिऱ्हाइकाला दाखवावा. तोवर कोरड्या पदार्थांना विरी आणि कढत, आंबट, पातळ पदार्थांना दुसरं भांडं. सोलकढी विरीच्या वाटीत नकोच.

पर्याय घरचेच आहेत. केळीचं पान आहे, पातोळ्यांना हळदीचं पान आहे, फणसाच्या पानांचे खोले आहेत, कुंभ्याच्या झाडाच्या पानांची, हिरांनी म्हणजे काड्यांनी टाचलेली पत्रावळ आहे.

(पंचवीस-पंचवीसच्या थप्प्या.)

पत्रावळी विकताना तिला प्लास्टिकचं आवरण चढवलेलं पाहून जीव हळहळतो. पण उघडी ठेवली तर दमट हवेत ती ओल ओढते आणि बुरसते. माल जवळपासच महिनाभरात खपणार असेल तर जाड खाकी कागद आणि घट्ट खोका पुरतो. लांब पाठवायचा असेल तर कागदावर भागत नाही.

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळलं आणि इथल्या रोठा जातीच्या सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या. नव्या पोफळीला फळ धरायला सहा-सात वर्षं लागतात. अशा वाडीला उभी राहीपर्यंत पडलेल्या विरीचे चार पैसेही मोलाचे.

(आभाळ भरून आलेलं. माळ्यावर चढवले जाणारे गठ्ठे.)

पत्रावळीला मोठी मागणी गणपतीत येते, आणि तेव्हा ऊन नसतं. म्हणून विऱ्या डिसेंबर ते मे याच दिवसांत गोळा करून वाळवायच्या आणि मिरगाच्या आधी माळ्यावर चढवायच्या. भिंतीपासून हातभर लांब, खाली फळ्या, दोन गठ्ठ्यांमध्ये वारा खेळेल एवढी जागा. पावसात दर पंधरा दिवसांनी एक गठ्ठा सोडून मधली विरी टिचकी मारून बघायची.