अडकलेल्या प्रोग्रामला आधी विचारा

[दृश्य: फोंडा, भर पावसातला रस्ता. मग आतली खोली, टेबलावर जुन्या वह्या.]

गोव्यात जत्रेला, कालोत्सवाला गावोगावी मराठी नाटकं होत आली, अजून होतात. त्या उत्सवी रंगभूमीच्या या हस्तलिखित वह्या. पूर्ण संहिता, पात्रांच्या नकला (एकेका नटासाठी उतरवून काढलेले त्याचे संवाद), समासात तालमीच्या खुणा. दमट हवेत कागद फार काळ टिकत नाही, म्हणून वाळपई आणि साखळीकडे पानं स्कॅन होतात. त्यांच्या टिफ फाइली, म्हणजे पानांची चित्रं, रात्री एफटीपीने, म्हणजे नेटवर्कवरून फाइली पाठवायच्या पद्धतीने, इथल्या संगणकावर येतात. इथला प्रोग्राम एकेक फाइल उचलतो, तिची लहान प्रत काढतो आणि सूचीत नोंद करतो.

आज सकाळपासून तो हललेला नाही. पडद्यावर एररही नाही.

अशा वेळी हात आधी रीस्टार्टकडे जातो. तो आवरायला हवा. कोसळलेला प्रोग्राम जाता जाता बहुधा एखादी ओळ तरी लिहून जातो. अडकलेला गप्प असतो, पण जिवंत असतो. विचारलं तर तो काय करतोय ते आत्ता, या क्षणी कळू शकतं. रीस्टार्ट केला की हा पुरावा गेला, आणि उद्या सकाळी पुन्हा हेच.

[दृश्य: काळा टर्मिनल, जवळून.]

पहिला प्रश्न: तो राबतोय की वाट बघतोय? कुठला प्रोग्राम किती राबतोय ते दाखवणाऱ्या 'टॉप' या आज्ञेत सीपीयू शंभर टक्क्यांजवळ असता, तर तो कुठल्यातरी लूपमध्ये गरगरतोय असं म्हटलं असतं. इथे आकडा शून्याच्या आसपास आहे. म्हणजे वाट बघतोय. कशाची? 'एलएसओएफ' त्याने उघडलेल्या फाइली दाखवतं. त्यात कालच्या एका वहीचं एकच पान आहे. आता 'एसट्रेस' लावू, तो प्रोग्राम सिस्टिमकडे क्षणोक्षणी काय मागतोय ते दाखवतो. ओळी सरकू लागतात: रीड, उत्तर शून्य, म्हणजे फाइल इथेच संपली. थोडी झोप. पुन्हा रीड. पुन्हा शून्य. आणि फाइलचा आकार? जराही वाढत नाही.

का, ते फाइलच्या सुरुवातीलाच दिसतं. टिफच्या पहिल्या 8 बाइटांतले शेवटचे 4 हा एक पत्ता असतो. पानाची लांबी-रुंदी वगैरे माहिती जिथे आहे, त्या निर्देशिकेचा. पुष्कळ सॉफ्टवेअर ही निर्देशिका फाइलच्या शेवटी लिहितात. या फाइलमधला पत्ता फाइल जिथे संपते त्याच्याही पुढचा आहे. प्रोग्रामला वाटलं, फाइल अजून येतेय, थांबू या. विचार रास्त होता, पण किती थांबायचं ते त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आणि तो एका वेळी एकच फाइल घेत असल्याने मागची सगळी पानं ताटकळली.

रात्री पावसात नेटची लाइन गेली होती. एफटीपीचं 1985 सालचं प्रमाण आजही चालतं. त्याच्या नेहमीच्या पद्धतीत डेटाचं कनेक्शन बंद होणं हीच फाइल संपल्याची खूण असते. लाइन तुटली, अर्धी फाइल पूर्ण नावानिशी मागे राहिली. म्हणून 'लिहिणाऱ्याने फाइल बंद केली की उचलायची' हा नियमही इथे अपुरा पडतो. अर्धी फाइलसुद्धा बंद होतेच.

[दृश्य: फोल्डरमधली नावं बदलताना.]

उपाय पाठवणाऱ्याकडून सुरू होतो. फाइल येताना तिच्या नावामागे 'पार्ट' असं शेपूट लावायचं, आणि शेवटचा बाइट पोचला की मगच खरं नाव द्यायचं. इथला प्रोग्राम शेपटीच्या फाइलींना हात लावणार नाही. एकाच डिस्कच्या एकाच फाइल-सिस्टिमवर नाव बदलणं एका झटक्यात होतं. नाव जुनं तरी असतं, नाहीतर नवं. मात्र येणारा फोल्डर एका डिस्कवर आणि कामाचा दुसऱ्यावर असेल तर सावध. तिथे 'मूव्ह' म्हणजे आतून कॉपीच असते, आणि अर्धी फाइल पुन्हा दिसू लागते.

सोबत प्रत्येक फाइलची एसएचए-256 बेरीजही, म्हणजे फाइलच्या सगळ्या बाइटांवरून काढलेला तिचा ठसा, पाठवायची. ती इथे जुळली तरच पान सूचीत जाईल.

प्रोग्रामलाही एक मुदत हवी. तेवढ्या वेळात फाइल वाढली नाही, तर ती वेगळ्या फोल्डरात टाकायची, लॉगमध्ये नाव लिहायचं आणि पुढचं पान घ्यायचं. वाळपईला त्याच नावाने निरोप जाईल: हे पान पुन्हा पाठवा.