दाढ भरली, आता गार पाणी लागतंय

मंडळी, तुमच्या चिठ्ठ्या वाचल्या. बहुतेकांची तक्रार एकच: ‘दाढ किडली होती तेव्हा दुखत नव्हती, सिमेंट भरलं आणि दुखायला लागली. डॉक्टरांनी बिघडवली का?’ दर वेळी तसं नसतं. पण ‘सहन करा, जाईल’ एवढ्यावर पेशंटची बोळवण करणंही मला पटत नाही. कळ कशाने येते आणि किती वेळ टिकते, हे नीट सांगितलंत तर निम्मं निदान खुर्चीत बसायच्या आधीच होतं.

आधी गार लागण्याबद्दल. इनॅमलच्या, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कडक कवचाच्या, खाली डेंटिनचा थर असतो. त्यात अतिसूक्ष्म नळ्या असतात, एका चौरस मिलिमीटरमध्ये हजारोंनी, आणि त्यांत द्रव असतो. गार लागलं की तो द्रव हलतो आणि आतली नस सणकते. स्वीडनच्या मार्टिन ब्रॅनस्ट्रॉम यांनी १९६०च्या दशकात हे प्रयोग करून दाखवलं. कीड कोरताना या नळ्या उघड्या पडतात. त्यांची तोंडं नीट बंद झाली नाहीत तर गार लागत राहतं. पांढरं फिलिंग निळ्या लाइटखाली कडक होताना साधारण २ ते ३ टक्के आकसतं. म्हणून खोल खड्डा एका दमात भरायचा नसतो, २-२ मिलिमीटरचे थर द्यायचे असतात. त्याला वेळ लागतो. तेव्हा ‘डॉक्टर, माझी सहा पाचची फास्ट आहे’ म्हणून मागे लागू नका! चांदी भरली असेल तर धातूमुळे गार-गरम चटकन आत पोचतं. तेही हळूहळू कमी होतं.

आता दुसरी तऱ्हा. गारगरमाचं काही नाही, पण भाकरीचा तुकडा चावला की कळ. इथे बहुधा फिलिंग उंच राहिलेलं असतं. भरून झाल्यावर डॉक्टर रंगीत कागद चावायला देतात आणि विचारतात, ‘बरोबर वाटतंय?’ त्या वेळी तुमचा ओठ बधिर, जबडा अवघडलेला, घरी जायची घाई. तुम्ही मान डोलावता. रात्री भूल उतरते, आणि केसाएवढा उंचवटासुद्धा दाताला कळतो. प्रत्येक घासाला सगळा भार त्या एका दाढेवर पडतो आणि मुळाभोवतीचे तंतू दुखरे होतात. याला गोळी किंवा लवंगेचं तेल हा उपाय नव्हे. परत जा, कागद चावा, जिथे गडद डाग उमटेल तिथे डॉक्टरांकडून जरासं घासून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे. संकोचापायी लोक महिना महिना एका बाजूने जेवतात, याचं मला नवल वाटतं.

गार लागत असेल तर घरी काय करायचं? पाच टक्के पोटॅशियम नायट्रेट असलेली सेन्सिटिव्ह पेस्ट सकाळ-रात्र वापरा. मऊ ब्रश घ्या. फेस थुंका, पण भरपूर पाण्याने खळखळून चुळा भरू नका. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. चार दिवसांत पेस्ट बदलू नका. लिंबू सरबत, कैरी, सोलकढी यांनंतर लगेच ब्रश नको, अर्धा तास जाऊ द्या. मशेरी लावणाऱ्यांना मात्र मी पेस्टबद्दल सांगतच नाही, आधी मशेरी सोडा म्हणतो. आणि अ‍ॅस्पिरिनची गोळी हिरडीत दाबून ठेवू नका, हिरडी भाजते.

गार लागून दोन-चार सेकंदांत थांबलं तर घाबरू नका, पंधरा दिवस वाट पाहायला हरकत नाही. पण कळ अर्धा-एक मिनिट रेंगाळली, काही न खाता ठणका सुरू झाला, रात्री झोपमोड झाली, किंवा चहाने वाढतं आणि गार पाणी तोंडात धरलं की बरं वाटतं, तर दिवस मोजत बसू नका. आतली नस सुजली आहे आणि बहुधा ती आपोआप बरी होणार नाही. लोकलमध्ये थंडगार बाटली घेऊन घोट घोट पाणी गालात धरून बसलेला माणूस दिसला, तर त्याचं रूट कॅनल जवळ आलंय असं खुशाल समजा. सूज किंवा ताप असेल तर त्याच दिवशी दाखवा.

खर्चाची अडचण असेल तर मुंबई सेंट्रलला नायरचं दंत महाविद्यालय आहे, सीएसएमटीजवळ सरकारी दंत महाविद्यालय आहे. शिकाऊ डॉक्टर असले तरी त्यांच्यावर वरिष्ठांची देखरेख असते. जाताना आधीचा एक्स-रे न्या. खड्डा नसेच्या किती जवळ गेला होता, याचा अंदाज त्यावरून येतो.