‘ओहायो’ बंदराला लागले तेव्हा

श्रोतेहो, ऑगस्ट १९४२. दुसऱ्या महायुद्धात भूमध्य समुद्रातील ब्रिटिशांच्या ताब्यातल्या माल्टा बेटाला जर्मनी-इटलीचा वेढा पडला होता आणि तेथील अन्नधान्य व इंधन संपत आले होते. त्या बेटासाठी निघालेल्या चौदा व्यापारी जहाजांत ‘ओहायो’ हे मोठे तेलवाहू जहाज होते, आणि माल्टाला हवे असलेले तेल त्याच्याच पोटात होते.

१२ ऑगस्टच्या संध्याकाळी ‘अक्सुम’ या इटालियन पाणबुडीने एकाच वेळी सोडलेल्या चार पाणतीरांनी तीन जहाजे गाठली. ‘ओहायो’च्या डाव्या कुशीला, पंपघरापाशी, सुमारे चोवीस फूट बाय सत्तावीस फुटांचे भगदाड पडले, आग भडकली आणि होकायंत्र बंद पडले. तेलाने भरलेल्या जहाजावरची ती आग खलाशांनी विझवली, हे मला आजही अद्भुत वाटते. मग जहाजाच्या मागच्या टोकाकडील आपत्कालीन सुकाणू हाताने फिरवत आणि पुढे चाललेल्या ‘लेडबरी’ या विनाशिकेचा मंद दिवा नजरेसमोर ठेवत त्यांनी रात्रीच्या काळोखात वाट काढली. ‘ओहायो’चे पोलादी पत्रे रिव्हेटऐवजी (ठोकून बसवलेल्या खिळ्यांऐवजी) वेल्डिंगने जोडलेले असल्याने जहाज एवढ्या घावानंतरही दुभंगले नाही, असे जाणकार मानतात.

दुसऱ्या दिवशी बॉम्बचा मारा सुरू झाला, पाडलेले एक विमान थेट डेकवर येऊन आदळले आणि अखेर बॉयलर विझले. चालण्याची शक्ती गेलेले जहाज खलाशांना दोनदा सोडावे लागले, आणि दोन्ही वेळा ते परत त्यावर चढले. भगदाडामुळे ओढताना जहाज सतत एकीकडे वळत असे, दोरखंड तुटत. शेवटी ‘पेन’ आणि ‘ब्रॅमहॅम’ या विनाशिका त्याला दोन्ही बाजूंनी घट्ट बांधल्या गेल्या आणि, दोघांनी आजाऱ्याला खांद्यांचा आधार देऊन चालवावे तसे, त्या त्याला इंचाइंचाने पुढे नेत राहिल्या. तोवर त्याचा डेक जवळजवळ पाण्याला टेकला होता.

१५ ऑगस्टच्या सकाळी, सांता मारियाच्या सणादिवशी, ते माल्टाची राजधानी व्हॅलेटाच्या ग्रँड हार्बर या बंदरात शिरले, तेव्हा तटबंदीवर दाटी केलेल्या लोकांनी त्याचा जयघोष केला. चौदापैकी पाचच जहाजे पोहोचली होती. ‘ओहायो’चे कप्तान डडली मेसन यांना पुढे जॉर्ज क्रॉस हा शौर्याचा ब्रिटिश सन्मान मिळाला. बंदरात मात्र आधी तेल उपसण्याची घाई होती, कारण ते बाहेर पडत होते तसतसे जहाज खाली बसत होते, आणि टाक्या रिकाम्या झाल्या तेव्हा त्याचा तळ बंदराच्या गाळाला टेकला.