माळावरचा वसंत कसा पाहावा

मंडळी, वसंतातील रानफुलांचा विषय निघाला की पुष्कळांच्या डोळ्यांसमोर अमेरिकेतील वाळवंटांची छायाचित्रे येतात. त्यांत क्षितिजापर्यंत जमीन पिवळी आणि जांभळी झालेली असते. मग फाल्गुनात आपला बालाघाटाचा डोंगर चढताना पायाखाली वाळलेले कुसळी गवत आणि तापलेला मुरूमच दिसला म्हणजे मन खट्टू होते. मराठवाड्याला वसंतच नाही, असे म्हणणारेही मी ऐकले आहेत. हे म्हणणे मला मान्य नाही. आपण वसंत जेथे शोधतो तेथे तो नसतो, एवढाच त्यातला भाग खरा आहे.

याचे कारण पावसाच्या वेळापत्रकात आहे. कॅलिफोर्नियातील डेथ व्हॅलीसारख्या प्रदेशात जो काही थोडा पाऊस पडतो, तो मुख्यतः हिवाळ्यात. तेथील रानफुलांचे बी वर्षानुवर्षे मातीत पडून राहते. त्याच्या कवचात उगवण रोखणारी द्रव्ये असतात आणि साधारण २५ मिलिमीटरांची चांगली सर पडल्याशिवाय ती धुऊन जात नाहीत, त्यामुळे हलक्या शिडकाव्याला ते बी फसत नाही. पाऊस वेळेवर आणि पुरेसा झाला, की २००५ किंवा २०१६ साली झाला तसा बहर मार्चच्या सुमारास जमिनीवर उमटतो. आपल्याकडे मात्र वर्षाचा सुमारे ८० टक्के पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो. त्या ओलीवर जगणारी तेरडा, सोनकी यांसारखी वर्षायू फुले श्रावण-भाद्रपदात फुलतात आणि दिवाळीनंतर त्यांचा संसार आटोपतो. फाल्गुनात पाणी उरते ते खोल जमिनीत आणि झाडांच्या खोडांत. म्हणून आपला वसंत झाडाझुडपांचा आहे, आणि तो पाहायचा तर नजर वर ठेवावी लागते.

पळस, काटेसावर, पांगारा, पिवळ्या फुलांची गणेर ही सारी झाडे बहुधा निष्पर्ण अवस्थेत फुलतात. पाने गेली म्हणजे त्यांच्यावाटे उडून जाणारे पाणी वाचते, आणि आड काहीच नसल्यामुळे फूल पक्ष्यांना लांबूनही दिसते. शिवाय मृगाचा पाऊस येण्यापूर्वी बी तयार असणे झाडाच्या सोयीचे असते. पळसाच्या चपट्या शेंगेत टोकाशी एकच बी असते. उन्हाळ्याच्या अखेरच्या वाऱ्यावर ती शेंग उडते आणि पहिल्या पावसाच्या सुमारास जमिनीला लागते.

माझी आग्रहाची विनंती आहे की, या दिवसांत दहा टेकड्या पालथ्या घालू नका. फुललेला एक पळस निवडा, उजाडण्यापूर्वी तेथे पोहोचा आणि थोड्या अंतरावर नुसते बसा. कोरड्या मोसमात फुलातला मधुरस हे पुष्कळ जीवांचे अन्न असते, त्यामुळे आपण ज्यांना शोधत हिंडतो ते आपणहून त्या झाडावर येतात. आधी एखादे फूल खालून उचलून हातात घ्या. काळपट मखमली पेला, त्यातून निघालेल्या केशरी पाकळ्या आणि त्यांपैकी चोचीसारखी वळलेली जी पाकळी आहे, तिच्या आत लपलेले पुंकेसर. पक्षी मधासाठी डोके खुपसतो तेव्हा हे पुंकेसर त्याच्या कपाळाला घासतात. साळुंकी, भांगपाडी मैना, कोतवाल, जांभळा शिंजीर यांच्याबरोबर भोरड्यांचे थवे उतरतात, तेव्हा सारे झाड हलू लागते. ज्वारी राखणाऱ्या शेतकऱ्याचा भोरड्यांवर राग असतो आणि तो समजण्यासारखा आहे. पण हेच पक्षी किडे आणि टोळही खातात, आणि चैत्र संपेपर्यंत मध्य आशियाकडे विणीसाठी निघूनही जातात. त्यांच्या दूरच्या प्रवासाची शिदोरी आपल्या पळस-पांगाऱ्यावर बांधली जाते, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

खऱ्या वाळवंटाशी आपले नाते सांगणारे एक झुडूपही आवर्जून पाहावे. ते म्हणजे नेपती. थरच्या वाळवंटात हिच्या फळांची भाजी करतात. नेपतीला पाने जवळजवळ नसतातच. पानांचे काम तिच्या हिरव्या काटेरी फांद्या करतात. बांधाच्या कडेला किंवा पडीक जमिनीवर तिची विटकरी लाल फुले मार्च-एप्रिलात दिसतात, आणि सरपणापलीकडे तिचा विचार सहसा कोणी करत नाही, याचे वाईट वाटते.

दाट रान हवे असेल त्यांनी कन्नडजवळच्या गौताळा-औट्रम घाट अभयारण्यात जावे. हे अभयारण्य १९८६ साली घोषित झाले. येडशीचा रामलिंग घाटही आहेच. परंतु काळवीट, खोकड, लांडगा यांना मोकळा माळच लागतो. सरकारी कागदावर ज्या जमिनीला पडीक म्हटले जाते, ती त्यांचे घर आहे. तेथे खड्डे खणून दाट झाडे लावणे हे त्यांच्यावर उपकार नव्हेत, हे मला स्पष्ट सांगितले पाहिजे. सकाळी नऊपर्यंत यांतले पुष्कळ प्राणी सावलीला जातात. त्यानंतर दगडांवर लक्ष ठेवावे. विणीच्या दिवसांत एखाद्या सरड्याचा नर उंच दगडावर चढून गळ्याखालची निळी-काळी-तांबडी पिशवी पंख्यासारखी उघडताना आणि मिटताना दिसतो. दगड मात्र उलटवू नयेत; त्याखाली फुरसे असू शकते.

चालताना अधिक जपावे ते जमिनीवरच्या घरट्यांना. माळटिटवी आणि धाविक याच सुमारास उघड्या जमिनीवर अंडी घालू लागतात, आणि ती अंडी मातीशी इतकी मिळतीजुळती असतात की पाऊल पडेपर्यंत दिसत नाहीत. ऊन चढल्यावर पक्षी अंड्यांवर सावली धरून उभा असतो, आणि आपण जवळ रेंगाळलो तर तेवढा वेळ अंडी उन्हात उघडी पडतात. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागली, तर घरटे शोधण्याचा मोह टाळावा, छायाचित्राचा तर टाळावाच, आणि पायापुढची जमीन पाहत आल्या पावली मागे फिरावे.